जलत्रास

‘पिसाळणें’ हें क्रियापद आपल्या भाषेंत फार स्वस्त झालें आहे. सासूबाई सुनेवर पिसाळल्या, कचेरींतले साहेब शिपायावर पिसाळले, भाव पाडून मागितला म्हणून भाजीवाला पिसाळला, असें आपण दिवसांतून चार वेळां म्हणतों आणि वर हंसतों. ज्या गोष्टीवरून हा शब्द आला ती गोष्ट ज्यानें एकदां पाहिली आहे त्याच्या तोंडून मात्र तो इतक्या सहजीं निघत नाहीं. आमच्या तोंडून निघत नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच. पण तें सांगण्यापूर्वीं त्या रोगाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. आमचा असा अनुभव आहे कीं, ज्या घरांत तीनतीन पदवीधर आहेत त्या घरांतहि या रोगाविषयीं जें ज्ञान असतें तें बहुधा मोलकरणीकडून मिळालेलें असतें, आणि मोलकरणीचें तिच्या आजीकडून.

मनुष्याच्या शरीरांत शिरणारे बहुतेक रोगजंतु रक्तांत, फुप्फुसांत किंवा आंतड्यांत आपलें बिऱ्हाड करतात. मज्जासंस्थेंत शिरणारे त्या मानानें थोडे. मेंदु व मज्जारज्जु यांस निसर्गानें हाडांच्या पेटींत जपून ठेवलें आहे, आणि रक्तांतून येणाऱ्या नको त्या पाहुण्यांसाठीं दाराशीं पहाराहि बसविला आहे. हा पहारा चुकवून जे कांहीं रोग आंत शिरतात त्यांची धास्ती म्हणूनच निराळी. पोलिओ हा त्यांपैकींच. एका रात्रींत मुलाचा पाय लुळा करणारा हा रोग आपल्या देशांतून गेला आणि २०१४ सालीं तसा दाखलाहि मिळाला. मेंदूज्वराचे प्रकार तर अनेक आहेत. त्यांतील एकाचें नांव आपल्या नागपुराजवळच्या चांदीपुरा गांवावरून पडलें आहे. १९६५ सालीं तेथील तापकऱ्यांच्या रक्तांत हा विषाणु प्रथम सांपडला, आणि २००३ सालीं आंध्रांत व महाराष्ट्रांत त्यानें कित्येक बालकें पाहतां पाहतां नेलीं. हा चांदीपुरा विषाणु आणि ज्याच्याविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतील विषाणु हे दोघेहि एकाच कुळांतले. दोघांचाहि आकार बंदुकीच्या गोळीसारखा. परंतु कुळांतला थोरला म्हणावा तो हा दुसराच. त्याच्या तावडींत मेंदु एकदां सांपडल्यावर मनुष्य वांचल्याचीं उदाहरणें साऱ्या वैद्यकाच्या इतिहासांत बोटांवर मोजण्याइतकीं आहेत.

आपल्याकडे ही व्याधि नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत उंदरांच्या विषाबरोबरच पिसाळलेल्या कुत्र्याकोल्ह्यांच्या विषाचें वर्णन आलें आहे. शेपूट, जबडा व खांदे लोंबत असलेला, तोंडांतून लाळ गाळीत, आंधळ्याबहिऱ्यासारखा धांवणारा असा तो पशु ग्रंथकारानें दोन ओळींत असा उभा केला आहे कीं, त्यानें तो प्रत्यक्ष पाहिला असला पाहिजे याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. दंशाची जागा पिळून रक्त काढावें व तापलेल्या तुपानें ती भाजावी, असें तो सांगतो. आणि पुढें म्हणतो कीं, ज्या रोग्यास पाण्यांत किंवा आरशांत चावणाऱ्या जनावराचें रूप दिसूं लागलें, अथवा जो पाण्याच्या नुसत्या स्पर्शानें वा दर्शनानें दचकूं लागला, त्याचें तें चिन्ह मरणाचें समजावें. या चिन्हासच त्यानें ‘जलत्रास’ असें नांव दिलें आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें अशा रोग्यास नकळत हौदांत ढकलून द्यावें असा उपाय सांगून ठेवला आहे. त्यापेक्षां सुश्रुताचें मौन आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

आतां हा जलत्रास उत्पन्न कसा होतो तें पाहूं. चावलेल्या कुत्र्याची लाळ जखमेंत पडते. लाळेंतील विषाणु स्नायूंत शिरतो, कांहीं काळ तेथें रेंगाळतो, आणि स्नायूस जेथें मज्जातंतु येऊन मिळतो तेथून त्या तंतूच्या आंत प्रवेश करतो. येथून पुढची त्याची चाल पाहण्याजोगी आहे. रक्ताचा राजमार्ग तो घेत नाहीं, कारण त्या मार्गावर शरीराचे शिपाई गस्त घालीत असतात. मज्जातंतूंत मालाची नेआण करण्याची जी यंत्रणा मुळांतच असते तिच्याच खांद्यावर बसून, चोरवाटेनें, दररोज थोडें थोडें अंतर तोडीत तो मज्जारज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे जातो. गनिमी काव्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपणां लोकांस ही युक्ति ओळखीची वाटावी. पायाला चावा असेल तर वाट लांबची, तोंडाला असेल तर जवळची. रोग बाहेर पडण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित् आठवडा पुरतो, क्वचित् वर्षाहूनहि अधिक काळ जातो. या सबंध अवधींत मनुष्य जेवतो, झोंपतो, कामावर जातो. रक्त तपासलें तरी त्यांत कांहीं मिळत नाहीं. मेंदूंत पोंचल्यावर मात्र विषाणु वेगानें वाढतो आणि दुसऱ्या मज्जातंतूंच्या वाटेनें पुन्हां बाहेर, लाळेच्या पिंडांत, उतरतो. कुत्रें चावावयास धांवतें आणि नेमकी त्याच वेळीं त्याची लाळ विषाणूंनीं भरलेली असते, हा योगायोग नव्हे. त्या विषाणूचा सारा संसार या दोन गोष्टींच्या मेळावर चालला आहे. आश्चर्य हें कीं, एवढा उत्पात झालेल्या त्या मेंदूची मरणोत्तर चिरफाड केली तर नासधूस अशी फारच थोडी आढळते. १९०३ सालीं नेग्री नांवाच्या इटालियन डॉक्टरास अशा मेंदूच्या पेशींत कांहीं सूक्ष्म कण दिसले, आणि पुढें पुष्कळ वर्षें तेवढीच काय ती या रोगाची खूण होती.

आम्हीं हा रोग पाहिला तो १९५९ सालच्या आषाढांत. आम्ही त्या वेळीं नऊ वर्षांचे होतों. रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीकांठच्या आमच्या गांवीं प्राथमिक शाळेवर एक मास्तर होते. वय चाळिशीच्या आंतलें; आवाज खणखणीत, अक्षर मोत्यासारखें. आमच्या पडवीला लागूनच त्यांचें बिऱ्हाड. वैशाखांत केव्हां तरी एका कुत्र्याच्या पिल्लानें त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीजवळ दांत लावला. पिल्लूच तें, खेळतां खेळतां चावलें असें सर्वांस वाटलें. जखमेंत तिखट भरून वर फडकें बांधण्यांत आलें, गांवांत त्या वेळीं तीच रीत होती, आणि पंधरा दिवसांत ती भरूनहि आली. पिल्लाचें काय झालें याची चौकशी कोणीं केली नाहीं. पिल्लें काय, येतात आणि जातात.

पाऊस सुरू झाल्यावर मास्तर फळ्यावर लिहितां लिहितां मधेंच थांबून तो हात दुसऱ्या हातानें चोळूं लागले. भरलेल्या जखमेला मुंग्या येतात, असें ते म्हणत. आज आम्हांस ठाऊक आहे कीं, तें या रोगाचें पहिलें पाऊल होतें; चोरवाटेनें गेलेला आपल्या मुक्कामाला पोंचल्याची ती वर्दी. पुढें बारीक ताप आला, झोंप उडाली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहाची बशी त्यांनीं ओंठांस लावली आणि गळ्याचे व छातीचे स्नायु असे आंवळून आले कीं बशी दूर जाऊन पडली. दुपारीं बाईंनीं फुलपात्रांत पाणी आणलें. तें पाणी त्यांनीं पाहिलें मात्र, आणि पुन्हां तोच झटका. नंतर दाराच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याच्या झुळुकेनेंहि तो येऊं लागला, तेव्हां दारें लावून, फटींत चिंध्या कोंबून, भर पावसाळ्यांत ती खोली बंद करण्यांत आली.

पिसाळलेला माणूस भुंकतो, चावावयास धांवतो, असें आम्हां मुलांस सांगण्यांत आलें होतें. तसें कांहींएक झालें नाहीं. झटका ओसरला कीं मास्तर पूर्वींचेच मास्तर असत. आमच्या वडिलांस ते नाना म्हणत. त्यांनीं त्यांस बोलावून घेतलें आणि बंद दाराच्या आंतून सांगितलें, “नाना, पोरांना इकडे येऊं देऊं नका. फीचे एकतीस रुपये कपाटांतल्या डब्यांत आहेत, ते उद्यां केंद्रावर भरा. पावती हिच्याकडे द्या.” आणि मग थोडें थांबून, “तहान फार लागली आहे हो,” असें म्हणाले. बाहेर तेव्हां पागोळ्यांचा आवाज इतका मोठा होता कीं वडिलांस ते शब्द दुसऱ्यांदां विचारून घ्यावे लागले. पांचव्या दिवशीं पहाटे सर्व संपलें. ती तहान आणि तो पाऊस यांची गांठ आमच्या मनांत अशी पक्की बसली आहे कीं, आज सहा तपें होत आलीं तरी ती सुटलेली नाहीं.

मास्तरांस चावा बसल्यावर लस मिळाली असती तर ते वांचले असते, आणि ती लस त्या वेळींहि होती, किंबहुना तिला तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं. पाश्चरची कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या कानांवरून गेली आहे. ६ जुलै १८८५ रोजीं अल्सासमधून जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन त्याची आई पॅरिसला आली. मुलाच्या अंगावर चाव्यांच्या चौदा जखमा होत्या. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. सुई हातांत धरण्याचा त्यांस अधिकारहि नव्हता. ती डॉक्टर ग्राँशे यांनीं धरली. सशाच्या मज्जारज्जूचे तुकडे कोरड्या हवेच्या बाटल्यांत टांगून ठेवले कीं दिवसागणिक त्यांतील विष मंदावत जातें, हें पाश्चर व त्यांचे सहकारी रू यांनीं पाहिलें होतें. पंधरा दिवस वाळलेल्या, म्हणजे जवळजवळ निर्विष झालेल्या, तुकड्यापासून आरंभ करून दहा दिवसांत तेरा टोंचण्या देत देत ते ताज्या, जहाल तुकड्यापर्यंत आले. मुलगा जगला. ज्या शत्रूस पाश्चरनीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, कारण त्या वेळच्या कोणत्याहि सूक्ष्मदर्शकांतून तो दिसण्यासारखाच नव्हता, त्याला त्यांनीं असें त्याच्याच वाटेवर गांठलें. चावा आणि रोग यांच्यामध्यें जे आठवडे जातात त्यांत शरीराचें सैन्य उभें करावयाचें, एवढीच ती कल्पना.

पाश्चरच्या टिपणवह्या पुढें विद्वानांनीं चाळल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, मुलाला दिलेली नेमकी ही पद्धति कुत्र्यांवर पुरती कसून पाहिलेली नव्हती. त्यावरून बराच वाद झाला. तो वाद निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माणसावर प्रयोग करणाऱ्यास जाब विचारणारा कोणी तरी असलाच पाहिजे. पण ज्यानें ती बंद खोली पाहिली आहे त्याला त्या आईच्या बाजूनेंच विचार सुचतो.

हिंदुस्थानांत पहिली पाश्चर संस्था १९०० सालीं कसौलीस निघाली, दुसरी १९०७ सालीं दक्षिणेंत कुन्नूरला. कसौलीस सेंपल नांवाच्या डॉक्टरनें १९११ मध्यें मेंढीच्या मेंदूंत विषाणु वाढवून तो कार्बॉलिक अॅसिडानें मारून लस करण्याची रीत बसविली. हीच ती पोटांतलीं चौदा इंजेक्शनें, ज्यांच्या नुसत्या उच्चारानें आमच्या पिढीचीं मुलें भिंतीला टेंकून उभीं राहत. मास्तर गेल्यानंतर दोन वर्षांनीं आमच्या थोरल्या बंधूंस पिंढरीला कुत्रें चावलें. वडिलांनीं एक शब्दहि न बोलतां सदरा अंगांत चढविला आणि त्यांस तरीनें खाडीपलीकडे तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. पुढें ओळीनें चौदा दिवस नेत राहिले. त्यांपैकीं तीन दिवस तर वाऱ्यामुळें तरी बंद होती. त्या दिवशीं त्यांनीं पुलावरून नऊ मैलांचा वळसा घेतला. बंधूंच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंस लिंबाएवढ्या गांठी आल्या होत्या, आणि रात्रीं ते पालथे झोंपूं शकत नसत. ते आजहि आहेत, आणि कुत्र्यांविषयीं त्यांचें मत आहे तसेंच आहे.

त्या लसीचा एक दोष असा होता कीं, औषधाबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशहि शरीरांत जाई, आणि क्वचित् एखाद्याचें शरीर त्या परक्या मज्जेवर उठतां उठतां स्वतःच्या मज्जेवरहि उठे. असा रोगी कुत्र्यापासून वांचून लसीनें लुळा पडे. पेशींवर वाढविलेल्या निर्मळ लसी परदेशांत १९७० नंतरच्या दशकांत सिद्ध झाल्या. आपल्या सरकारी दवाखान्यांतून मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली ती २००४ साल संपतांना. म्हणजे चांगली वस्तु हातीं आल्यावरहि गरिबाच्या पोटांत जुनीच सुई जावी असा कांहीं काळ गेला. तो थोडका नव्हता.

आज पोटांत इंजेक्शनें कोणी देत नाहीं. दंडाच्या कातडींत दोन लहान टोंचण्या, पहिल्या दिवशीं, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या; किंवा स्नायूंत पांच वेळां. दुखणें म्हणावें तर विंचवाच्या नांवानें मुंगी. परंतु लसीनें शरीराचें सैन्य तयार होण्यास आठवडा दीड आठवडा लागतो, आणि चावा तोंडावर किंवा डोक्यावर असेल तर तेवढीहि सवड मिळेल याचा भरंवसा नसतो. म्हणून खोल जखमेंत तयार प्रतिद्रव्यांचा रस, ज्याला सीरम म्हणतात तो, सुईनें जागच्या जागीं भरावा लागतो. याची किंमत जगाला कळली ती इराणांतील साहनेह गांवीं. १९५४ सालीं तेथें एका पिसाळलेल्या लांडग्यानें एका रात्रींत २९ माणसांस फाडलें. डोक्याला जखमा झालेल्यांपैकीं पांच जणांस नुसती लस मिळाली, त्यांतले तीन गेले. तेरा जणांस लसीबरोबर सीरम मिळाला, त्यांतला एकच गेला. एका लहान मुलाची तर कवटी फुटून दांत मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. तोहि वांचला.

आणि या सर्वांच्या आधीं, अगदीं पहिल्या क्षणीं, करावयाची गोष्ट म्हणजे साबण आणि वाहतें पाणी. पंधरा मिनिटें, घड्याळ लावून. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचें एक पातळ वेष्टण असतें, तें साबणानें विरतें आणि विषाणु तेथल्या तेथें मरतो. तिखट नको, चुना नको, हळद नको, कॉफीची पूड नको. टांकाहि शक्य तोंवर नको. जो रोग पाण्याला भितो असें सारें जग म्हणतें त्याला पहिला मारा पाण्याचाच द्यावयाचा आहे.

२०१९ सालच्या एका संध्याकाळीं आमच्या गल्लींत भाजीची हातगाडी लावणाऱ्या बाईचा चार वर्षांचा मुलगा रडत आमच्या फाटकांत आला. गालाची कातडी लोंबत होती. कुत्रें कोणाचें, कोठलें, कोणास ठाऊक नव्हतें. आईनें मुठींत हळद आणली होती. आमच्या सूनबाईंनीं तिचा हात धरला, मुलास मोरीवर नेलें आणि तो किंचाळत असतां पुरतीं पंधरा मिनिटें नळाखालीं गाल धुतला. “वहिनी, पोराचा जीव घेतां कां,” असें ती बाई म्हणत होती आणि सूनबाईहि रडत होत्या, पण हात थांबला नाहीं.

पुढचें सांगावयास आम्हांस आनंद वाटत नाहीं. पहिल्या दवाखान्यांत लस होती, सीरम नव्हता. तेथें लस टोंचून चिठ्ठी देण्यांत आली. दुसऱ्या ठिकाणीं खिडकी बंद झाली होती. सकाळीं दहाला या असें आंतल्या गृहस्थांनीं पेपरावरून डोळे न उचलतां सांगितलें. गालापासून मेंदूपर्यंतचें अंतर त्या गृहस्थांस दाखवावें असें आम्हांस फार वाटलें. पण त्यांत वेळ गेला असता. तिसऱ्या ठिकाणीं सीरम होता. रात्रीं साडेअकरा वाजतां एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं तो त्या लेंकराच्या गालांत, जखमेच्या कडेकडेनें, थेंब थेंब भरला. आमच्याजवळ मोटार होती, खिशांत पैसे होते, फाडफाड बोलण्याची संवय होती. म्हणून तीन दारें झालीं. ज्या बाईजवळ यांपैकीं कांहींच नाहीं ती पहिल्या दाराहून चिठ्ठी घेऊन घरीं जाते, आणि चिठ्ठी देवाजवळ ठेवते.

राहिलेल्या टोंचण्यांच्या तारखांवर आम्हीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तांबड्या खुणा केल्या. सातव्या दिवशीं बाई गाडी लावून उभी होती. “काका, आज बाजाराचा दिवस आहे, उद्यां नेलं तर चालेल का?” असें तिनें विचारलें. चालणार नव्हतें. सूनबाई तासभर गाडीपाशीं उभ्या राहिल्या आणि, आम्हांस मागाहून कळलें त्याप्रमाणें, सर्व मेथी निम्म्या भावानें विकून बसल्या. अठ्ठाविसावा दिवस गेला. पण आमच्या मोजण्याला तेथें पूर्णविराम मिळाला नाहीं. दोन महिने, तीन महिने, तो मुलगा फाटकांत दिसला कीं पहिली नजर त्याच्या हातांतल्या पाण्याच्या बाटलीकडे जाई. तो घटाघटा पाणी पिई. आज तो पांचवींत आहे, आणि गालावरच्या वणाचा त्याला वर्गांत बराच मान मिळतो असें ऐकतों.

आंकडे सांगून आम्ही वाचकांस फार वेळ कष्टविणार नाहीं. जगांत या रोगानें वर्षास सुमारें ५९,००० माणसें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील तिसरा हिस्सा व वर थोडी आपल्या देशांतलीं. अलीकडे झालेल्या एका देशव्यापी पाहणीनें हा आंकडा खालीं आणून वर्षास ५,७०० च्या आसपास धरला आहे. चावे मात्र ९१ लाख. कोणता आंकडा खरा यावर तज्ज्ञ भांडोत. चावलेल्यांत मुलें फार असतात एवढें निश्चित आहे, कारण त्यांची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या सरळ रेषेंत येते.

राहतां राहिला प्रश्न कुत्र्यांचा, आणि हा प्रश्न निघाला कीं सभ्य माणसें एकमेकांवर पिसाळतात. (हा शब्द येथें आम्हीं समजून वापरला आहे.) आमच्या संस्कृतींत कुत्र्याचें स्थान मोठें विचित्र आहे. शिवी द्यावयाची तर त्याची, आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करावयाची तर त्यानेंच. दत्ताच्या पायांशीं चार कुत्रे, खंडोबाच्या घोड्यामागें एक. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आम्हीं आईच्या तोंडून ऐकले, आणि पिसाळलेलें कुत्रें दिसतांच काठी घेऊन धांवणारे लोक गांवांत पाहिले. दोन्ही गोष्टी एकाच वाड्यांत नांदत होत्या. कुत्र्यांवरून भांडणें तर आजचीं नाहींत. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली, तेव्हां धर्मदृष्ट्या कुत्र्यास पवित्र मानणाऱ्या पारशी लोकांनीं कोटांत दंगल केली, बाजार बंद पाडला. जवळजवळ दोनशें वर्षांनंतर, ११ ऑगस्ट २०२५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें दिल्लींतील मोकाट कुत्रीं उचलून कोंडवाड्यांत ठेवण्याचा हुकूम दिला, आणि ओरड झाल्यावर २२ तारखेस, लस टोंचून व खच्ची करून तीं जागच्या जागीं सोडावीं, मात्र पिसाळलेलीं व हिंस्र सोडूं नयेत, अशी त्यांत दुरुस्ती केली.

आमचें स्वतःचें मत कोणत्याच पक्षास आवडणारें नाहीं. रस्त्यावर कुत्रीं असूं नयेत असें आम्हांस वाटतें. आणि तीं मारून हा रोग जाईल असें आम्हांस वाटत नाहीं. मोकळ्या झालेल्या गल्लींत शेजारच्या गल्लींतलीं, लस न टोंचलेलीं कुत्रीं येतात, कारण कचऱ्याची पेटी जागेवरच असते. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांस वर्षानुवर्षें लस मिळत राहिली तर विषाणूची सांखळी तुटते, हें अनेक देशांत दिसून आलें आहे, आणि आमच्या शेजारीं गोव्यांतहि दिसलें. तेथें घरोघर, वाड्यावाड्यांवर जाऊन, जाळीनें कुत्रीं धरून, लस टोंचून सोडण्याचें काम सरकारनें व एका परोपकारी संस्थेनें मिळून कित्येक वर्षें नेटानें केलें. शाळाशाळांतून मुलांस शिकविलें. आणि सलग तीन वर्षें या रोगानें एकहि मनुष्य दगावला नाहीं तेव्हां २०२१ सालीं त्या राज्यानें तशी घोषणा केली. गोव्याचीं माणसें कांहीं आपल्याहून अधिक श्वानप्रेमी किंवा अधिक निर्दय आहेत असें आम्हांस आढळलेलें नाहीं.

गेल्या जानेवारींत नगरपालिकेची गाडी आमच्या गल्लींत आली. आमच्या गल्लींत सात कुत्रीं आहेत. पांच लगेच जाळ्यांत आलीं. सहावी काळी कुत्री गटाराच्या फरशीखालीं जाऊन बसली, ती कांहीं केल्या निघेना. शेवटीं पहिल्या मजल्यावरच्या ज्या बाईंशीं आमचें दूधभाताच्या परळावरून पुष्कळदां वाजलें आहे, त्या खालीं उतरल्या, फरशीपाशीं बसल्या आणि “ये ग काळे, ये,” म्हणाल्या. ती शेपूट हालवीत बाहेर आली. आठवड्यानें सहाहि परत आणून सोडण्यांत आलीं. प्रत्येकाच्या एका कानाला खूण म्हणून खांच पाडलेली आहे. सातवें त्या दिवशीं कोठें होतें तें कोणासच सांगतां आलें नाहीं. संध्याकाळीं तें दुधाच्या केंद्रापुढें नेहमींच्या जागीं येऊन बसलें. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.